न विचारलेले अकरा प्रश्न

कॅनडात, एटोबिकोमधल्या माझ्या क्लिनिकमध्ये आजारी माणूस क्वचितच यायचा. येणारे सगळे ठणठणीत, सुट्टीच्या मूडमध्ये आणि भयंकर घाईत. विमानतळ गाडीने दहा मिनिटांवर. काही जण तर बॅगा गाडीत भरूनच यायचे आणि "फ्लाइट कधीची?" असं विचारलं की शांतपणे "आजचीच" म्हणायचे. परदेश प्रवासाआधीच्या लशी टोचणं हा माझा धंदा. आमची ही म्हणायची, "धडधाकट माणसाला ताप आणून वर त्याच्याकडून थँक्यू म्हणवून घेणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही."

त्यातली माझी खासियत पीतज्वराची लस, म्हणजे यलो फीव्हरची. ही कोणालाही देता येत नाही, त्यासाठी क्लिनिकला सरकारी मान्यता आणि स्वतःचा शिक्का लागतो. पीतज्वर आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत डासांमुळे होतो. जोराचा ताप येतो, कावीळ होते, काळ्या उलट्या होतात, आणि एकदा जोर धरला की डॉक्टरने शेजारी बसून राहण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. आपल्या भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास मात्र घरोघरी आहे. त्यामुळे भारत सरकार याबाबत कमालीचं कडक. नैरोबीहून किंवा कंपालाहून मुंबईला उतरलात आणि खिशात लशीचं पिवळं कार्ड नसलं, तर सहा दिवस अलग कोठडीत मुक्काम. आणि कार्ड लागू होतं लस घेतल्यावर दहा दिवसांनी. या दहा दिवसांवरून माझी निम्मी भांडणं झाली.

"डॉक्टरसाब, तारीख जरा पीछे की डाल दो ना, किसको पता चलेगा?" असं म्हणणारे एक गृहस्थ दर दोन वर्षांनी घरातल्या कोणाला तरी लस टोचायला घेऊन यायचे. दर दोन वर्षांनी मी त्यांना नाही म्हणायचो आणि ते दर वेळी मिठाईचा डबा ठेवून जायचे. डबा मी ठेवून घेत असे, तारीख मात्र आजचीच. मूळच्या नागपूरच्या एक काकू होत्या. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, हे सांगणं मला भागच असतं, कारण काहींना अंड्याची ॲलर्जी असते. ते ऐकून त्यांचा चेहरा पडला. थोडा विचार करून म्हणाल्या, "डॉक्टर, आज चतुर्थी आहे. उद्या टोचली तर चालेल का?" मी कॅलेंडर पाहिलं आणि चालेल म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, डोळे मिटून टोचून घेतलं आणि "याचं प्रायश्चित्त तिकडे जाऊन घेईन" म्हणाल्या. घानाच्या खाणीत निघालेला एक साडेसहा फुटी भूगर्भशास्त्रज्ञ सुई बघूनच कोसळला. त्याला उचलताना माझी पाठ धरली ती आजतागायत सुटलेली नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'व्यवसायातल्या गमतीजमती' लिहायला सांगितलं, तेव्हा पहिला खर्डा मी असल्या गोष्टींनीच भरला होता. तो वाचून मलाच माझी शरम वाटली. कारण या सगळ्या गमतीच्या मागे एक गोष्ट आहे, जी मी आठ वर्षं कोणाला सांगितलेली नाही.

आधी धंद्यातली एक बाब समजून घ्या. या लशीत जिवंत विषाणू असतो, फक्त दमवलेला. निरोगी शरीर त्याला आठवड्याभरात गुंडाळतं आणि माणूस जन्माचा सुरक्षित होतो. पण काही जणांचं शरीर त्याला आवरू शकत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, ज्यांना काही विशिष्ट आजार आहेत, किंवा ज्यांनी साठी ओलांडली आहे आणि ही लस आयुष्यात पहिल्यांदाच घेताहेत, असे लोक. लाखात एखाद्याच्या वाट्याला हे येतं, पण ज्याच्या वाट्याला येतं त्याला लशीतूनच पीतज्वर होतो. नुसतं वयच आडवं येत असेल तर धोका सांगून निर्णय पेशंटवर सोडता येतो; बाकी दोन प्रकारांतल्या माणसाला लस द्यायचीच नसते. त्याला सूट-पत्र लिहून द्यायचं, आणि ते न चालल्यास सहा दिवस कोठडीत काढायला सांगायचं. म्हणून टोचण्याआधी एक फॉर्म असतो. माझ्या फॉर्मवर अकरा प्रश्न होते. पुढे 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी.

माणसं फॉर्म कसा भरतात हे मी सुरुवातीलाच पाहिलं होतं. प्रश्न न वाचता 'नाही'च्या रांगेत वरून खाली सरळ रेघ ओढतात. मग मी नियमच केला की फॉर्म मी स्वतः मोठ्याने वाचणार, एकेक प्रश्न, आणि उत्तर त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच खूण करणार. माझी रिसेप्शनिस्ट मॉरीन या प्रकाराला 'अग्निपरीक्षा' अशा अर्थाचं काहीतरी म्हणायची. लोक वैतागायचे. मी वैतागू द्यायचो. ही शिस्त मला फौजेत लागली होती आणि तिचा मला गर्व होता.

कॅनडात येण्यापूर्वी मी पाच वर्षं आपल्या सैन्यात डॉक्टर होतो. कॅप्टन आठल्ये. माझे कमांडिंग ऑफिसर होते कर्नल इनामदार. रोग नियंत्रण हा त्यांचा विषय. संध्याकाळी मेसमध्ये ते आम्हा पोरसवदा डॉक्टरांना गोष्टी सांगायचे आणि त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट पीतज्वराचीच होती. शंभर वर्षांपूर्वी क्यूबा बेटावर अमेरिकन सैन्य उतरलं तेव्हा गोळ्यांपेक्षा या तापाने जास्त सैनिक मेले. त्याचं कारण शोधायला सैन्याने चार डॉक्टर पाठवले. तिथला एक स्थानिक डॉक्टर वीस वर्षं ओरडून सांगत होता की हा डासाचा प्रताप आहे आणि लोक त्याला हसत होते. या लष्करी डॉक्टरांनी त्याचं म्हणणं तपासायचं ठरवलं. प्रयोगाला जनावर नव्हतं, म्हणून स्वतःच्याच हातावर डास बसवून घेतले. एक जण मरता मरता वाचला. दुसरा, चाळिशीही न गाठलेला, गेला. त्यांचा प्रमुख तेव्हा एक अहवाल पुरा करायला मायदेशी गेलेला होता. परत आला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मग सैनिक पुढे आले. काही जण मेलेल्या रुग्णांच्या घाणेरड्या चादरींवर वीस-वीस रात्री झोपले आणि मस्त ठणठणीत बाहेर पडले. त्यावरून सिद्ध झालं की हा रोग कपड्यांनी पसरत नाही. दुसऱ्या खोपटात स्वच्छ बिछान्यावर डास चावून घेणारे मात्र आजारी पडले. पण इनामदार सरांच्या दृष्टीने गोष्टीचा कळस वेगळाच होता. ते बोट वर करून म्हणायचे, "शौर्य वगैरे ठीक आहे. शौर्य गाढवातही असतं. त्या लोकांनी एक कागद केला. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला धोका काय आहे हे लिहून सांगितलं, त्याची संमती घेतली, सही घेतली. टोचण्याआधी विचारलं. आठल्ये, डॉक्टरकी तिथे सुरू होते."

असे हे सर सार्सच्या साथीनंतरच्या वर्षी माझ्या क्लिनिकमध्ये आले. वय चौऱ्याहत्तर. पत्नी गेल्यावर ते वॉटर्लूला मुलीकडे येऊन राहिले होते. मुलगी शलाका तिथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. ती बाळ असताना मी तिला पाहिलेलं. मुलगा कंपालाला साखर कारखान्यात इंजिनियर, नातवाची मुंज तिकडे, आणि तिथून थेट पुण्याला जुन्या साथीदारांचं संमेलन. म्हणजे पिवळ्या कार्डाशिवाय सुटका नाही.

ते दारातून आत आले आणि मी खाडकन उभा राहिलो. तीस वर्षं उलटली होती, माझे केस पिकले होते, तरी पाय आपोआप जुळले. मॉरीन हसायला लागली. तिने विचारून नाव-पत्त्याचं पहिलं पान भरलं आणि अकरा प्रश्नांचं दुसरं पान आधी वाचून ठेवायला म्हणून नेहमीप्रमाणे क्लिपबोर्ड त्यांच्यापुढे केला. वेटिंग रूममध्ये एका बाजूला कोस्टारिकाला निघालेली कॉलेजची पोरं चिप्स खात बसली होती. त्यांच्या शेजारी माझ्या कमांडिंग ऑफिसरने फॉर्म वाचत बसायचं? मला ते सहन होईना. मी क्लिपबोर्ड तिच्या हातातून काढून घेतला.

"डॉक्टर, दुसरं पान राहिलंय," मॉरीन इंग्रजीत म्हणाली.

"मी बघतो," मी म्हणालो.

आत नेऊन त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. मी पेशंटच्या स्टुलावर. गप्पा सुरू झाल्या. मेसचा तो खानसामा आठवतो का, जो खिचडीत जायफळ घालायचा? आठवतो म्हणजे काय! एकीकडे बोलत, हसत, मी दुसरं पान मांडीवर घेतलं आणि 'नाही'च्या रांगेत वरून खाली सरळ रेघ ओढली. अकराच्या अकरा. त्यांना काय विचारायचं? "सर, तुम्ही कुठली औषधं घेता? सर, तुमची प्रतिकारशक्ती शाबूत आहे ना?" ज्यांनी मला हे शिकवलं त्यांचीच तोंडी परीक्षा घ्यायची? त्यांच्या वयाबद्दल तेवढं बोललो. ते म्हणाले, "अरे, रोज पाच किलोमीटर चालतो. आणि त्या कोठडीत मी लोकांना डांबलंय आयुष्यभर, आता मी जाऊन बसू? टोच." त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. मी टोचलं. त्यांनी चहा घेतला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेले.

पाचव्या दिवशी शलाकाचा फोन आला. "काका, बाबांना हाय फीव्हर आहे. बॉडी पण खूप दुखतेय. व्हॅक्सीनमुळे असतं ना असं? टायलेनॉल देऊ?"

थोडा ताप येतो, दे, असं मी म्हणालो. सातव्या दिवशी डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा तिने त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं आणि मला फोन केला. मी चारशे एक नंबरच्या हायवेवरून कसा गेलो ते मला आठवत नाही. डोळ्यांसमोर फक्त ती रेघ होती.

तिथल्या डॉक्टरांनी विचारल्यावर शलाका घरी जाऊन त्यांची दाढीची पिशवी घेऊन आली. तिच्यात स्टेरॉइडच्या गोळ्यांच्या पट्ट्या. खांदे आणि मांड्या आखडतात म्हणून पुण्याच्या एका डॉक्टर मित्राने नुसत्या तोंडी सांगितलेल्या, येताना बॅगेत भरून आणलेल्या. दोन महिने रोज, चांगल्या भरभक्कम मात्रेत. आपल्याकडच्या किती घरांत अशी एक पिशवी असते! इथल्या फॅमिली डॉक्टरला तिचा पत्ता नसतो, कारण ते 'औषध' नसतंच. ते 'गुडघ्याचं आपलं' असतं. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला जिवंत लस देऊ नये, हे मेडिकलचा पोरगाही सांगेल. माझ्या फॉर्मवरचा तो चौथा प्रश्न होता.

पुढे सरकारी आरोग्य खात्याची एक परिचारिका चौकशीला आली. लशीनंतर असं काही झालं की चौकशी होतेच. तिच्या हातात माझ्या फॉर्मची प्रत होती. सर तेव्हा शुद्धीवर होते, आवाज क्षीण झाला होता. शलाका उशाशी, मी पायथ्याशी. परिचारिकेने सरळ विचारलं, "डॉक्टरांनी तुम्हाला औषधांबद्दल विचारलं होतं का?"

मी बोलायला तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मेसमध्ये कोणी ज्युनियर मध्येच बोलला तर ते जसं पाहायचे, तसंच. आणि मी गप्प बसलो.

"विचारलं होतं," ते इंग्रजीत म्हणाले, स्पष्ट. "प्रत्येक प्रश्न वाचून दाखवला. मी नाही म्हणालो. मी लपवलं. मला पुण्याला जायचं होतं."

तिने लिहून घेतलं आणि गेली.

"बाबा!" शलाका रडायलाच लागली. "यू लाइड? काकांशी? तुम्ही आम्हाला एक पेन्सिल घरी आणली तरी परत करायला लावायचात. एका ट्रिपसाठी तुम्ही... व्हाय, बाबा?"

"चुकलं बेटा," ते म्हणाले. "सॉरी."

ती उठून बाहेर गेली. मी जवळ गेलो. सर, हे काय केलंत, असं काहीतरी पुटपुटलो. ते डोळे मिटूनच बोलले. "तू विचारलं असतंस तर मला आठवलं असतं रे. एका सेकंदात. पण मला स्वतःलाही आठवायला हवं होतं, मी पण डॉक्टर आहे. आणि सही माझी आहे. सही करणाऱ्याची जबाबदारी, फौजेत हेच शिकवलं ना? आता तुझा धंदा बंद पाडून काय मिळणार? जा, पोरीला बघ."

मी तेव्हाच कॉरिडॉरमध्ये जाऊन शलाकाला सांगायला हवं होतं. दहा पावलांचं अंतर होतं. ती खिडकीपाशी उभी होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "वय झालं की माणसं हट्टी होतात." एवढंच. हे वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं सर्वांत नीच वाक्य आहे.

त्यानंतर सरांच्या किडन्या बंद पडल्या. मधल्या तीन दिवसांत शलाका त्यांची सेवा करत होती, पण कमी बोलत होती. रागावलेली होती. ते तिच्याकडे बघत राहायचे. हे सगळं मी पाहत होतो. एका वाक्याने ते थांबवणं माझ्या हातात होतं आणि मी रोज ते वाक्य उद्यावर ढकलत होतो. चौथ्या दिवशी सर गेले. रक्तात लशीतलाच विषाणू सापडला. फाइल बंद झाली: रुग्णाने माहिती दिली नाही.

क्लिनिक मी आणखी चार वर्षं चालवलं. अकरा प्रश्न मी आता दोनदा विचारायचो. मॉरीनने एकदाही काही विचारलं नाही. ते दुसरं पान तिच्या लक्षात होतं की नाही, मला माहीत नाही. मग क्लिनिक विकलं आणि लंडनला, म्हणजे आमच्या ऑन्टारियोतल्या लंडनला, मुलाजवळ राहायला आलो.

परवा परवा वॉटर्लूच्या मराठी मंडळात ज्येष्ठांसाठी कार्यक्रम झाला, आरोग्यावर. शलाका बोलायला उभी राहिली. दर वर्षी बोलते म्हणे, मला माहीत नव्हतं. "माझे बाबा स्वतः आर्मी डॉक्टर होते," ती म्हणाली. "तरी ते त्यांच्या डॉक्टरशी खोटं बोलले. प्लीज, तुमच्या बॅगेतली औषधं हाइड करू नका. माझे काका इथेच बसलेत, त्यांनी बाबांना प्रत्येक गोष्ट विचारली होती. त्यांना किती हेल्पलेस वाटलं असेल, इमॅजिन करा." शंभर माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली, सहानुभूतीने. शेजारच्या गृहस्थांनी माझा हात दाबला. मी मान खाली घातली, आणि लोकांना ती नम्रता वाटली. नंतर मी शिरा खाल्ला. दोन वाट्या.

घरी येऊन गमतीजमतींचा खर्डा फाडला आणि हे लिहायला बसलो. लिहिताना मनात एक लबाड हिशेबही होता, तो पण सांगून टाकतो. शलाका छावण्यांमधून हिंदी शाळांत शिकलेली. मराठी अंक तिच्या घरात येत नाही. म्हणजे माझं मन मोकळं होणार, शंभर-दोनशे अनोळखी वाचक हळहळणार, आणि जिला कळायला हवं तिला काहीच कळणार नाही. हे लक्षात आलं तेव्हा कागद पाकिटात घातले आणि संपादकांकडे न पाठवता वॉटर्लूला घेऊन गेलो. पुढचा मजकूर परत आल्यावर जोडला आहे.

रविवारची दुपार होती. शलाका किचनमध्ये भाजी निवडत होती. मी म्हणालो, तुला काहीतरी वाचून दाखवायचंय. ती हसून म्हणाली, "काका, दिवाळी अंकाचं ना? मी आहे का त्यात?" मी तिथेच डायनिंग टेबलाशी बसलो आणि मेसच्या गोष्टीपासून वाचायला सुरुवात केली. रेघेपाशी आलो तेव्हा भाजी निवडायचं थांबलं. हॉस्पिटलपर्यंत पोहोचलो तेव्हा ती समोर येऊन बसली होती. शेवटपर्यंत वाचलं. वर बघण्याचं धैर्य झालं नाही.

मी वाट पाहत होतो की ओरडेल, रडेल, किंवा काहीतरी चांगलं म्हणेल. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या गोष्टीची आशा होती. माणूस किती निगरगट्ट असतो बघा.

"परत वाचा," ती म्हणाली. "ते क्लिनिकमधलं. तुम्ही रेघ ओढली ते."

मी परत वाचलं.

"अगेन."

तिसऱ्यांदा मी मध्येच थांबलो. तिने टेबलावरून हात पुढे करून कागद माझ्याकडून काढून घेतला, आणि स्वतःच वाचायला लागली, मोठ्याने, अडखळत, मराठीची सवय नसल्यामुळे एकेका शब्दावर बोट ठेवत. "त्यांना... काय... विचारायचं." तिथे थांबली. मग पुन्हा तेच. भिंतीवर बाबांचा युनिफॉर्ममधला फोटो होता. ती खुर्ची फिरवून त्याच्याकडे तोंड करून बसली आणि इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली, "बाबा, तुम्हाला त्यांनी विचारलंच नव्हतं."

तिची पाठ माझ्याकडे होती. ती तशीच फोटोशी बोलत राहिली, आठ वर्षांचं, काही मला ऐकू आलं, काही नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच. मी उठलो, कोट घातला, बूट चढवले. त्या घरातून चहा न घेता मी आजवर कधी निघालो नव्हतो. त्या दिवशी मला कोणी चहा विचारला नाही, आणि मी दार ओढून घेतलं.